ज्वालामुखीच्या उतारावरचा आकडा : मौना लोआच्या मोजमापावरील आक्षेपाचे प्रकरण

‘जगाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला हे लोक एका जिवंत ज्वालामुखीवर जाऊन बसले, आणि आता वायू वाढतोय म्हणून सगळ्यांना घाबरवतात.’ हवामानबदलाच्या वादात हा टोमणा अनेक वर्षे फिरतो आहे. त्याला मिळणारे नेहमीचे उत्तर असे असते : ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा वायू सोडतात, त्याच्या कितीतरी पट माणूस सोडतो. उत्तर खरे आहे, पण ते या प्रश्नाचे नाही. जगातल्या सगळ्या ज्वालामुखींची बेरीज किती, असे आक्षेप घेणाऱ्याने विचारलेले नसते. यंत्राच्या नळीपाशी येणारी हवा शेजारच्या विवराने बिघडवलेली नाही हे कशावरून, असा त्याचा सवाल आहे. सवाल रास्त आहे. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत बसणारे लोक तो पहिल्या दिवसापासून स्वतःला विचारत आले आहेत, आणि त्यांचे उत्तर दर तासाच्या नोंदीत लिहिलेले असते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये हा ज्वालामुखी खरोखरच फुटला, वीज तुटली आणि मोजणी बंद पडली. म्हणजे आक्षेपाची परीक्षा आयतीच झाली. म्हणून हे प्रकरण अभ्यासायला निवडले.

जागा का निवडली

वेधशाळा मौना लोआच्या उत्तर उतारावर ३,३९७ मीटर उंचीवर आहे; शिखर ४,१६९ मीटरवर. १९५६ मध्ये अमेरिकी हवामान खात्याने ती उभारली. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांच्या यंत्राने २९ मार्च १९५८ रोजी तिथे नोंद सुरू केली आणि पहिला आकडा आला ३१३ पीपीएम, म्हणजे कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे ३१३ रेणू.

जागेचे गुण तीन. चारही बाजूंना हजारो किलोमीटर महासागर आहे, त्यामुळे नळीपाशी येणारी हवा कारखान्यांपासून आणि जंगलांपासून दूर राहून बरेच दिवस घुसळली गेलेली असते. आजूबाजूला काळा लाव्हा, झाडोरा जवळजवळ नाही. आणि तिसरा गुण सगळ्यात महत्त्वाचा : हवाईच्या हवेत बहुतेक दिवस दोन-अडीच किलोमीटरच्या आसपास एक उबदार थर झाकणासारखा पसरलेला असतो. खालची दमट, ढगाळ, बेटावरची हवा त्याच्याखाली अडकते. वेधशाळा त्या झाकणाच्या वर आहे.

दोष दोन. दिवसा ऊन चढले की काळा लाव्हा तापतो आणि वारा उताराने वर चढतो. झाकण भेदून खालच्या रानातली आणि शेतातली हवा वर येते. झाडांनी प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असल्यामुळे दुपारचा आकडा खाली येतो. रात्री उलटे होते. जमीन थंड होते, वारा शिखराकडून खाली घसरतो आणि वरच्या स्वच्छ वातावरणातली हवा आणतो. हीच हवा हवी असते. पण शिखराजवळच्या भेगांमधून वायू झिरपत असेल तर त्याचा पातळ झोत याच वाऱ्याबरोबर जमिनीला चिकटून वेधशाळेपर्यंत पोचू शकतो आणि आकडा काही पीपीएमनी उडी मारतो. १९७५ आणि १९८४ च्या उद्रेकांनंतर असे झोत जास्त वेळा दिसले आणि पुढे हळूहळू विरळ होत गेले.

थोडक्यात, ज्वालामुखी मोजमाप बिघडवतो हे खरे, आणि झाडेही बिघडवतात हेही तितकेच खरे. ज्वालामुखी रात्री आकडा वर ढकलतो, झाडे दुपारी खाली ओढतात. टोमणा मारणाऱ्यांना ज्वालामुखीचा दोष ठाऊक असतो, झाडांचा सहसा नसतो.

नळीपासून आकड्यापर्यंत

मनोऱ्यावरच्या नळीतून हवा पंपाने सतत ओढली जाते. आधी ती कोरडी करावी लागते, आणि इथे हयगय चालत नाही. हवेत एक टक्का बाष्प असेल तर बाकीचे सगळे वायू त्या प्रमाणात पातळ दिसतात. ४२० पीपीएमचा आकडा चार पीपीएमनी खाली घसरतो. वर्षभराची खरी वाढ अडीच पीपीएमच्या घरात असताना ही चूक दीड वर्षाची वाढ गिळून टाकेल. म्हणून अतिथंड सापळ्यातून नेऊन बाष्प गोठवून काढतात आणि आकडा नेहमी कोरड्या हवेचाच सांगतात.

मग कोरडी हवा एका नळकांड्यात जाते. त्याच्या एका टोकाकडून अवरक्त प्रकाश सोडला जातो आणि दुसऱ्या टोकाला किती पोचला ते मोजले जाते. कार्बन डायऑक्साइड जितका जास्त तितका प्रकाश कमी पोचतो. ही जुनी पद्धत. अमेरिकेच्या नोआ या महासागर व वातावरणविषयक सरकारी संस्थेने एप्रिल २०१९ पासून तिथे लेसरचे यंत्र वापरायला घेतले : अत्यंत चकचकीत आरशांच्या मध्ये लेसरचा प्रकाश अडकवायचा, मग तो बंद करायचा आणि आतला उजेड विझायला किती वेळ लागतो ते मोजायचे. वायू जास्त असेल तर उजेड लवकर विझतो.

यातले कुठलेही यंत्र स्वतःहून पीपीएम ओळखत नाही. दिवा म्हातारा होतो, खोलीचे तापमान बदलते, दाब बदलतो आणि वाचन सरकत राहते. म्हणून हवेची नळी वारंवार बंद करून यंत्राला सिलिंडरमधला संदर्भ वायू पाजतात. त्यातले प्रमाण आधीच ठरवलेले असते. यंत्राने त्याला किती म्हटले यावरून हवेच्या वाचनाची दुरुस्ती होते. हे सिलिंडर स्वतः खरे कशावरून? त्यांची तुलना मुख्य सिलिंडरांशी होते. आणि मुख्य सिलिंडरांतला कार्बन डायऑक्साइड गोठवून वेगळा काढतात व त्याचा दाब, तापमान आणि घनफळ मोजून रेणू मोजतात. ही शेवटची पायरी प्रकाशावर अजिबात अवलंबून नसते. जगभरची बहुतेक केंद्रे याच एका मोजपट्टीला बांधलेली आहेत. एकूण अचूकता ०.२ पीपीएमपेक्षा चांगली असते.

सिलिंडरमधला वायूही वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहत नाही. आतल्या धातूला काही रेणू चिकटतात, आणि दाब उतरला की ते सुटतात. म्हणून सिलिंडर रिकामा होण्याआधी परत प्रयोगशाळेत जातो आणि पुन्हा मोजला जातो. फरक निघाला तर मधल्या काळातले आकडे मागे जाऊन दुरुस्त होतात. अलीकडच्या महिन्यांच्या आकड्यांपुढे ‘तात्पुरते’ असा शेरा असतो तो याचसाठी.

गाळणी

वादाचा खरा मुद्दा इथे आहे. ‘हे लोक नको ते आकडे फेकून देतात’ असे म्हणतात, आणि ते खरेच फेकतात. कशावरून फेकतात ते पाहू. नोआच्या पद्धतीत तासाच्या सरासरीला चार कसोट्या लावल्या जातात.

पहिली : त्या तासातल्या मिनिटामिनिटाच्या आकड्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप, ०.३० पीपीएमच्या आत हवे. नसेल तर त्या तासाला ‘व्ही’ हे अक्षर लागते. दुसरी : आधीच्या तासापेक्षा सरासरीत ०.२५ पीपीएमहून जास्त फरक नको, असल्यास ‘डी’. तिसरी : सकाळी ११ ते संध्याकाळी ७ या वेळेत वारा उताराने वर चढत असण्याची शक्यता असते, म्हणून त्या वेळेतले संशयित तास ‘यू’. चौथी : उरलेल्या तासांमधून एक गुळगुळीत वक्र काढायचा आणि त्याच्यापासून दोन प्रमाण विचलनांपेक्षा दूर पडलेले तास ‘ए’ म्हणून बाजूला ठेवायचे. सगळे झाल्यावर दिवसाचे सरासरी साडेतेरा तास शिल्लक राहतात.

एका रात्रीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. मध्यरात्री सरासरी ४१८.९२, एक वाजता ४१८.९७, दोन वाजता ४१९.०१, मिनिटांचे विचलन प्रत्येक वेळी ०.१ च्या खाली. तीनच्या तासात सरासरी ४२१.६ आणि विचलन १.१. चारच्या तासात परत ४१९.०. तीनचा तास पहिल्याच कसोटीत बाद होतो. तो का बाद झाला हे महत्त्वाचे आहे : तो ‘फार मोठा’ होता म्हणून नाही, अस्थिर होता म्हणून. हजारो किलोमीटर प्रवास करून आलेली हवा एकजीव झालेली असते, तिचा आकडा तासन्‌तास हलत नाही. शेजारच्या भेगेतून आलेला झोत एकजीव व्हायला वेळच मिळालेला नसतो. मिनिटाला वर, मिनिटाला खाली असा तो थरथरतो. पहिल्या दोन कसोट्या फक्त ही थरथर पाहतात. जास्त-कमी यांच्याशी त्यांना देणेघेणे नाही. दुपारी अचानक दोन पीपीएमनी खाली आलेला तासही त्या तितक्याच निर्दयपणे काढतात.

तिसऱ्या कसोटीबद्दल मात्र चाणाक्ष टीकाकार एक खरा मुद्दा मांडू शकतो. ती फक्त दुपारचे तास काढते, आणि दुपारचे आकडे नेमके कमी असतात. म्हणजे या गाळणीने सरासरी किंचित वर सरकते. बरोबर आहे. पण हा सरक १९८० मध्येही होता आणि २०२० मध्येही आहे. प्रत्येक वर्षाला तेवढाच भाग मिळवल्याने आलेखाची रेघ वर जाते, तिचा चढ बदलत नाही. चढाला धक्का लावायचा तर बिघाड दरवर्षी अधिकाधिक व्हायला हवा. साठ-पासष्ट वर्षांत शंभरावर पीपीएम वाढ दाखवायची तर भेगांचा झोत दर तासाला, न थरथरता, शंभरावर पीपीएमपर्यंत चढत यायला हवा होता. नोंदी याच्या उलट आहेत : उद्रेकांनंतर झोत दिसतात आणि मग ओसरतात.

चौथी कसोटी सगळ्यात नाजूक. वक्रापासून दूरचे फेका, असे म्हटले की खरा अचानक बदल झाला तर तोही फेकला जाईल, अशी भीती रास्त आहे. पण खरा बदल काही तासांत मावळत नाही. तो दिवसच्या दिवस टिकतो, आणि टिकला की वक्रच त्याच्याकडे सरकतो, कारण वक्र त्याच आकड्यांतून काढलेला असतो.

यावर वाद घालत बसण्याची तशी गरजही नाही. तासांचे आकडे, बाद केलेल्यांसकट आणि शेऱ्यांसकट, सगळ्यांसाठी खुले आहेत. अक्षरे पुसून टाका, सगळे तास धरून वार्षिक सरासरी काढा. रेघ जास्त खडबडीत दिसते, दीर्घकाळाचा चढ तोच राहतो. आक्षेप घेणाऱ्याला बेरजेची भाषणे देण्यापेक्षा ही फाईल द्यावी.

दुसऱ्या हाताची मोजणी

त्याच डोंगरावर कीलिंग यांची स्क्रिप्स ही समुद्रविज्ञान संस्था १९५८ पासून आणि नोआ १९७४ पासून वेगवेगळ्या यंत्रांनी मोजते. दोघांच्या महिन्याच्या सरासरीत फरक पडतो तो पीपीएमच्या दशांशांत.

शिवाय हवेचे नमुने भरून प्रयोगशाळेत मोजण्यासाठी काचेच्या बाटल्या असतात. हे काम दिसायला पोरखेळ वाटते, पण नियम कडक आहेत. वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उभे राहायचे, श्वास रोखायचा, बाटलीची तोटी उघडायची, हवा आत घ्यायची, तोटी बंद करायची आणि मगच श्वास सोडायचा. आपण सोडतो त्या श्वासात कार्बन डायऑक्साइड चार टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएमच्या घरात असतो. एका लिटरमध्ये दोन-तीन घनसेंटिमीटर उच्छ्वास मिसळला तरी आकडा शंभराने फुगतो. म्हणून बाटल्या जोडीने भरतात. दोघींच्या आकड्यांत ०.५ पीपीएमपेक्षा जास्त फरक निघाला तर जोडीच संशयित ठरते. याच कारणाने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली, शहरांत रासायनिक पद्धतीने केलेली जुनी मोजमापे या वादात कामाची नाहीत. १९४० च्या आसपास हवेत ४०० पीपीएमहून जास्त वायू होता असे सांगणारे लोक हीच मोजमापे पुढे करतात. बंद खोलीत चार माणसे तासभर बसली तर आजही हजाराचा आकडा मिळतो; तो त्या खोलीचा असतो, पृथ्वीचा नव्हे.

बाटल्या जगभर भरल्या जातात. दक्षिण ध्रुव, अलास्काचे उत्तर टोक, समोआ. शिवाय टास्मानियातले केप ग्रिम, जिथे १९७६ पासून सतत मोजणी चालू आहे. दक्षिण ध्रुवावर जवळपास जिवंत ज्वालामुखी नाही, झाडही नाही. तिथला आकडा मे २०१६ मध्ये ४०० ओलांडून गेला. मौना लोआवर दिवसाच्या सरासरीने तो टप्पा मे २०१३ मध्ये गाठला होता. दक्षिणेला तीन वर्षे उशीर झाला याचे कारण सरळ आहे : बहुतेक इंधन उत्तर गोलार्धात जळते आणि विषुववृत्त ओलांडून हवा मिसळायला वर्षभर तरी लागते. दोन ठिकाणांतला फरक १९६० च्या सुमारास एका पीपीएमच्या आत होता, आज तीन-साडेतीनच्या आसपास आहे. इंधनाचा वापर वाढला तसा तोही वाढला. हवाईतल्या भेगांनी हा नकाशा तयार होत नाही.

२७ नोव्हेंबर २०२२

१९८४ नंतर पहिल्यांदा, २७ नोव्हेंबरच्या रात्री साडेअकराच्या सुमारास, मौना लोआच्या शिखरावर उद्रेक सुरू झाला. दुसऱ्या दिवशी उत्तर-पूर्वेच्या भेगांतून लाव्हा उताराला लागला आणि संध्याकाळी वेधशाळेचा रस्ता ओलांडून गेला. रस्त्यालगतची वीजही गेली. वेधशाळेला लाव्हा लागला नाही, पण यंत्रे मुकी झाली. उद्रेक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थांबला. रस्ता मात्र गोठलेल्या लाव्हाखाली राहिला.

नोंद तुटण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९५८ मध्येच वीज गेल्याने काही आठवड्यांच्या नोंदी गेल्या आहेत. तेव्हा तर मे महिन्यानंतर आकडा घसरत चालल्याचे पाहून यंत्रच बिघडले असावे असे वाटण्याची वेळ आली होती. पुढच्या वर्षी तोच चढउतार पुन्हा दिसला तेव्हा उलगडा झाला : उत्तर गोलार्धातली झाडे उन्हाळ्यात वायू ओढतात, हिवाळ्यात सोडतात, मे महिन्यात शिखर, सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ, मध्ये सहा-सात पीपीएमचा फरक. १९६४ च्या वसंतातले तीन महिनेही कोरे आहेत. त्याचे कारण पैसे आटले, एवढेच.

२०२२ मध्ये काय करायचे? नोआने उत्तरेला सुमारे ३४ किलोमीटरवरच्या मौना कीयाच्या माथ्यावर, हवाई विद्यापीठाच्या दुर्बिणीच्या इमारतीत, पर्यायी यंत्र लावले. (मौना कीयाही ज्वालामुखीच आहे, पण तो हजारो वर्षे शांत आहे. हवाईत डोंगर म्हटला की दुसरे काही मिळत नाही.) डिसेंबर २०२२ पासून ४ जुलै २०२३ पर्यंतचे नोआचे आकडे या ठिकाणचे आहेत, त्यानंतर मौना लोआची नोंद पुन्हा सुरू झाली.

आता आक्षेपाची परीक्षा. मौना लोआचा आकडा ज्वालामुखीने फुगवलेला असेल तर यंत्र दुसऱ्या डोंगरावर नेल्याबरोबर पायरी दिसायला हवी : आकडा एकदम खाली. आणि उद्रेकाने जगाचा आकडा हलत असेल तर उलटी पायरी, आकडा एकदम वर. झाले काय? नोव्हेंबरची सरासरी सुमारे ४१७.५ होती, डिसेंबरची सुमारे ४१९. नोव्हेंबर ते डिसेंबर दीड पीपीएमच्या आसपास चढ दरवर्षीच होतो, कारण हिवाळ्यात झाडे वायू ओढत नाहीत. मे २०२२ ची सरासरी ४२१.० होती, मे २०२३ ची, म्हणजे दुसऱ्या डोंगरावरची, ४२४.०, मे २०२४ ची, परत पहिल्या डोंगरावरची, ४२६.९. यंत्र गेले आणि परत आले, रेघेला त्याची दखल नाही.

ही परीक्षा अगदी निर्दोष होती असे म्हणता येणार नाही. मौना कीयाचा माथा ४,२०० मीटरवर आहे, म्हणजे आठशे मीटर वर. उंचीप्रमाणे ऋतूचा चढउतार थोडा बदलतो, त्यामुळे दशांशाच्या पातळीवर दोन ठिकाणे एकच मानता येत नाहीत. त्या सहा-सात महिन्यांतल्या एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून विक्रम मोडल्याची बातमी करणे म्हणूनच घाईचे ठरेल. पण आक्षेपाला हवी असलेली पायरी दशांशांची नव्हती.

वाढ कुठून आली हे रेघ सांगत नाही

इथे वादात नेहमी गल्लत होते. मौना लोआची रेघ एवढेच सिद्ध करते की हवेत वायू वाढतो आहे. तो कोळसा आणि तेलाचा आहे हे वेगळ्या पुराव्याने दाखवावे लागते, आणि त्याने तापमान किती वाढते हा तिसरा, स्वतंत्र प्रश्न आहे. तिन्ही एका दमात मांडले की समोरचा सर्वात कच्च्या दुव्यावर बोट ठेवतो आणि तिन्ही पडल्यासारखे दिसतात.

दुसऱ्या प्रश्नाचे पुरावे थोडक्यात असे. एक, हिशेब. हवेतला एक पीपीएम म्हणजे ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. इंधनातून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन निघतो, म्हणजे ४.७ पीपीएम, जंगलतोडीची भर वेगळी. हवेत वाढतो अडीचच्या आसपास. उरलेला समुद्र आणि झाडे घेतात. समुद्राचे पाणी त्यामुळे आम्लतेकडे झुकते आहे, म्हणजे समुद्र वायू घेतो आहे, सोडत नाही. जून १९९१ मधला फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक सुमारे पाच कोटी टन कार्बन डायऑक्साइड देऊन गेला. भागाकार करा : ०.००६ पीपीएम. आजची वार्षिक वाढ भरून काढायला दरवर्षी असे जवळपास चारशे पिनातुबो लागतील. गंमत म्हणजे पिनातुबोनंतर, १९९२ मध्ये, हवेतली वाढ एक पीपीएमपेक्षाही कमी झाली. उद्रेकातल्या गंधकाच्या वायूपासून बनलेल्या सूक्ष्म कणांच्या पडद्याने पृथ्वी थोडी थंड झाली होती.

दोन, कार्बनचे समस्थानिक, म्हणजे कार्बनचेच वेगवेगळ्या वजनाचे अणू. इथे हौशी मंडळी कार्बन-१४ पुढे करतात आणि फसतात. जुन्या कोळशात कार्बन-१४ नसतो हे खरे, पण ज्वालामुखीच्या वायूतही तो नसतो. या दोघांत निवाडा करायला तो निकामी आहे. कामाचा आहे कार्बन-१३. वनस्पतींपासून बनलेल्या इंधनात त्याचे प्रमाण कमी असते : ठरलेल्या नमुन्यापेक्षा हजारात किती कमी-जास्त हे सांगणाऱ्या मोजपट्टीवर उणे २८ च्या आसपास. ज्वालामुखीच्या वायूत साधारण उणे ४ ते उणे ७. हवेचा आकडा १९८० च्या सुमारास उणे ७.५ होता, आता तो उणे ८.५ च्या आसपास आहे. ज्वालामुखीचा वायू मिसळून तो खाली जाणे शक्य नाही.

तीन, ऑक्सिजन. जाळताना ऑक्सिजन खर्च होतो, भेगेतून वायू निघताना होत नाही. चार्ल्स कीलिंग यांचे पुत्र राल्फ कीलिंग यांनी १९८९ च्या सुमारास सुरू केलेल्या मोजणीत हवेतला ऑक्सिजन दरवर्षी दहा लाखांत सुमारे चार रेणूंनी घटताना दिसतो. श्वासाला याने काही फरक पडत नाही (हवेत तो २१ टक्के आहे), पण हिशेबाला पडतो. हा पुरावा सर्वात निर्णायक आहे आणि सार्वजनिक चर्चेत सर्वात कमी वापरला जातो.

जिथे दोन्ही बाजू घसरतात

शंका घेणाऱ्यांची एक आवडती तक्रार ‘आकडे गुपचूप बदलले’ ही असते. त्यांनी जुनी फाईल जपून ठेवलेली असते, नवी उतरवतात आणि १९९० चा आकडा एखाद्या दशांशाने वेगळा निघतो. कारण मोजपट्टी. मुख्य सिलिंडरांची फेरमोजणी होऊन २०१९ ची नवी पट्टी लागू झाली, तेव्हा ४०० पीपीएमच्या आसपासचे आकडे सुमारे ०.२ ने वर गेले. लहान आकड्यांवर फरक त्याहून कमी. फाईलच्या डोक्यावर कोणती पट्टी वापरली ते लिहिलेले असते. जुनी अर्धी फाईल आणि नवी अर्धी फाईल जोडली तर सांध्यावर खोटी पायरी तयार होते. हे संशयी माणसाकडूनही होते आणि घाईत आलेख काढणाऱ्या पत्रकाराकडूनही.

दुसऱ्या बाजूची सवय म्हणजे दर मे महिन्यात ‘इतिहासातला उच्चांक’. वाढणाऱ्या रेघेवर दर मे हा उच्चांकच असतो, त्यात बातमी नाही. मे महिन्याची तुलना मागच्या मे महिन्याशीच करावी. एप्रिलची ऑक्टोबरशी केली तर वाढीऐवजी झाडांचा श्वास मोजला जातो. एका वर्षाच्या वाढीवरूनही निष्कर्ष काढू नये. एल निनोच्या काळात उष्ण कटिबंधातली जंगले कोरडी पडतात, वायू कमी ओढतात आणि वाढ तीनच्या वर जाते. नंतर ती उतरते. या हिंदकळण्याकडे बोट दाखवून ‘सगळे तापमानच ठरवते, माणूस नाही’ असा युक्तिवाद होतो. हिंदकळणे वर्षाला एकेक पीपीएम वर-खाली होते आणि फिटून जाते. चढ फिटत नाही.

२०२० चे उदाहरण तर दोन्हीकडून चुकले. टाळेबंदीत वाहने थांबली, आणि तरी मे २०२० ची सरासरी ४१७ वर गेली. एका बाजूने जाहीर केले की माणसाचा काही संबंधच नाही. दुसऱ्या बाजूने ‘निसर्ग सावरतोय’ अशी चित्रे वाटली होती. हिशेब पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. वर्षभराचे उत्सर्जन घटले सुमारे पाच टक्क्यांनी, म्हणजे साधारण दोन अब्ज टन. भागिले ७.८ म्हणजे पाव पीपीएम. त्यातला निम्माच हवेत राहिला असता, म्हणजे फरक ०.१२ पीपीएमच्या घरात. झाडे आणि समुद्र दरवर्षी याच्या कितीतरी पट हेलकावा देतात. एवढा फरक रेघेवर डोळ्यांनी दिसेल अशी अपेक्षा धरणाऱ्याने पाच टक्के ही घट आहे, थांबणे नव्हे, हे विचारात घेतलेले नसते. नळ पाच टक्के बारीक केला तरी पिंपातले पाणी चढतच राहते.

राहता राहिला प्रश्न वेधशाळेच्या भवितव्याचा. २०२५ मध्ये अमेरिकेच्या पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या प्रस्तावात नोआच्या हवामान संशोधनाचा निधी काढून घेण्याची सूचना होती, आणि त्यात मौना लोआही येत होती. एक ठिकाण बंद पडल्याने वाढ दिसायची थांबणार नाही. दक्षिण ध्रुव आणि केप ग्रिम ती दाखवत राहतील. नुकसान वेगळे होईल. मोजणी तुटून काही वर्षांनी नव्या यंत्राने सुरू झाली, तर जुन्या आणि नव्या यंत्राला एकाच वेळी, एकाच हवेवर, शेजारी चालवून जुळवून घेण्याची संधी गेलेली असते. संदर्भ सिलिंडरांची परतीची मोजणी चुकते. मग सांध्यावर जो काही दशांशांचा फरक निघेल तो हवेचा की यंत्राचा, हे नंतर कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही.